पन्नाशीतील झोप आणि सकाळचा पाऊण तास

रात्रीचे अडीच वाजलेले असतात. सारे घर गाढ झोपेत असते. अशा वेळी छातीपासून मानेकडे आणि मानेकडून चेहऱ्याकडे एक गरम वाफ चढत जाते आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावरील स्त्री दचकून जागी होते. ती पांघरूण बाजूला सारते. घामाने कपडे ओले झालेले असतात. पाच-दहा मिनिटांत घाम वाळतो आणि आता थंडी वाजू लागते. पंखा वाढवावा तर शेजारी झोपलेल्यांना गारवा सोसत नाही, बंद करावा तर आपल्याला गुदमरते. पांघरूण घेणे आणि सारणे यातच दोन तास निघून जातात. पहाटे कुठे डोळा लागतो, तोच साडेपाचचा गजर वाजतो. मग दिवसभर अंग जड, डोके जड, वागण्यात चिडचिड आणि हातातील वस्तू कुठे ठेवली याचाही विसर.

बहुतेक घरांत या तक्रारीला एकच उत्तर मिळते : ‘वय झाले, आता हे चालायचेच.’ दुर्दैवाने त्या स्त्रीचेही हेच मत असते. रजोनिवृत्तीच्या काळातील निद्रानाश हा सोसण्याचा विषय आहे, त्यावर उपाय करण्याचा नव्हे, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. वास्तविक या निद्रानाशाची कारणे बऱ्याच अंशी ज्ञात आहेत आणि त्यावरील उपायांपैकी एक उपाय कोणालाही करता येण्याजोगा आहे. तो म्हणजे नियमित व्यायाम. मात्र ‘व्यायाम करा’ एवढे सांगून भागत नाही. किती करावा, कोणता करावा आणि दिवसाच्या कोणत्या वेळी करावा, यावर त्याचे फळ अवलंबून असते.

झोप का उडते?

सलग बारा महिने पाळी आली नाही, म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे वैद्यकशास्त्र मानते. भारतीय स्त्रियांमध्ये हे वय सरासरी ४६-४७ वर्षे आहे. पाश्चात्त्य देशांत ते ५१च्या आसपास असते. झोपेच्या तक्रारी मात्र त्याच्या कितीतरी आधी, पाळी मागेपुढे होऊ लागते तेव्हापासूनच डोके वर काढतात. अमेरिकेत १९९६ साली सुरू झालेल्या ‘स्वान’ या दीर्घकालीन पाहणीत सात ठिकाणच्या, पाच निरनिराळ्या वंशगटांतील ३,३०२ स्त्रियांच्या प्रकृतीची वर्षानुवर्षे नोंद ठेवण्यात आली. या स्थित्यंतराच्या काळात झोपेच्या तक्रारी वाढतात आणि त्यांत रात्री वारंवार जाग येण्याची तक्रार सर्वांत जास्त असते, असे त्यातून दिसून आले. ज्यांना वाफांचा त्रास वारंवार होत होता, त्यांच्यापैकी निम्म्या स्त्रियांमध्ये तो सात वर्षांहून अधिक काळ टिकला. म्हणजे ‘काही महिन्यांचा प्रश्न आहे’ ही समजूतही खरी नाही.

यामागील यंत्रणा थोडक्यात अशी आहे. मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग शरीराच्या तापमानावर लक्ष ठेवतो. तापमान थोडे वरखाली झाले तरी एरवी तो तिकडे काणाडोळा करतो. ‘इस्ट्रोजेन’ हे संप्रेरक कमी होऊ लागले की त्याची ही सहनशीलता घटते. तापमानात अगदी किंचित वाढ झाली तरी जणू मोठा ताप चढला आहे असे समजून तो शरीर थंड करण्याचे आदेश सोडतो. त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, घाम सुटतो, छातीत धडधडते. हीच ती वाफ. ‘प्रोजेस्टेरॉन’ हे दुसरे संप्रेरक मेंदूला शांत करणारे आहे. त्याचेही प्रमाण याच काळात घटते. त्यात वयोमानाने झोप मुळातच उथळ होत जाते. वजन वाढते, घोरणे सुरू होते. आणि याच वयात मुलांची शिक्षणे, त्यांचे विवाह, सासू-सासऱ्यांची किंवा आईवडिलांची आजारपणे अशा चिंताही येऊन थडकतात. निद्रानाशाचे खापर एकट्या संप्रेरकांवर फोडणे म्हणूनच योग्य नाही.

सिअ‍ॅटलमधील वर्षभराचा प्रयोग

या विषयावरील एक महत्त्वाचा अभ्यास अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरातील फ्रेड हचिन्सन कर्करोग संशोधन केंद्रात झाला. शेली ट्वोरोजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००३ मध्ये ‘स्लीप’ या संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध केला. रजोनिवृत्ती होऊन गेलेल्या, ५० ते ७५ वर्षे वयाच्या, वजन जास्त असलेल्या, बैठे जीवन जगणाऱ्या आणि संप्रेरकांची औषधे न घेणाऱ्या १७३ स्त्रिया त्यात सहभागी झाल्या होत्या. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे त्यांचे दोन गट पाडण्यात आले. एका गटाने आठवड्यातून पाच दिवस, दररोज ४५ मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम करावयाचा होता. भरभर चालणे, जागेवरची सायकल चालविणे यांसारखा. दुसऱ्या गटाला केवळ स्नायू ताणण्याचे हलके व्यायाम देण्यात आले. हा क्रम थोडाथोडका नव्हे, पूर्ण एक वर्ष चालला.

वर्षाअखेरीस जे दिसले ते विचार करायला लावणारे होते. सकाळी व्यायाम करणाऱ्यांपैकी ज्यांनी आठवड्याला किमान २२५ मिनिटे, म्हणजे ठरलेले ४५ मिनिटांचे पाचही दिवस पूर्ण केले, त्यांना झोप लागण्यास होणारा त्रास १८० मिनिटांपेक्षा कमी व्यायाम करणाऱ्यांच्या तुलनेत बराच कमी होता. संध्याकाळी व्यायाम करणाऱ्यांमध्ये नेमके उलटे चित्र होते. त्यांच्यात जास्त व्यायाम करणाऱ्या स्त्रियांनाच झोप लागण्यास अधिक त्रास होत होता. हलके ताण देणाऱ्या गटातील स्त्रियांनाही काही लाभ झाला. वर्षापूर्वीच्या मानाने त्यांची झोपेच्या गोळ्यांची गरज कमी झाली आणि झोपही लवकर लागू लागली.

या निष्कर्षांचा अर्थ लावताना थोडे तारतम्य ठेवले पाहिजे. सकाळी व्यायाम करावयाचा की संध्याकाळी, हे त्या स्त्रियांनी आपापल्या सोयीने ठरविले होते; ते संशोधकांनी वाटून दिलेले नव्हते. जिला सकाळी उठणे जमते तिची झोप मुळातच बरी असेल, अशीही शक्यता राहते. शिवाय झोपेची माहिती यंत्राने मोजलेली नव्हती. ती प्रश्नावलीतून, स्त्रियांनी स्वतःच दिलेली होती. पुढे २०१९ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी निरोगी प्रौढांवरील २३ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात संध्याकाळचा व्यायाम सरसकट झोपेला मारक ठरत नाही असे दिसले. झोपण्यापूर्वीच्या एका तासात केलेला जोरकस व्यायाम मात्र झोपेच्या आड येऊ शकतो. तेव्हा ज्यांना सकाळ शक्यच नाही त्यांनी संध्याकाळचा व्यायाम सोडून देण्याचे कारण नाही. तो सौम्य असावा आणि झोपण्याच्या दोन-तीन तास आधी आटोपावा, इतकेच.

सकाळच का?

सकाळच्या व्यायामाला शरीरशास्त्राचा आधार आहे. आपल्या शरीरात चोवीस तासांचे एक घड्याळ चालू असते. हे घड्याळ पेशींच्या पातळीवर कसे चालते याचा उलगडा करणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या शास्त्रज्ञांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. या घड्याळाला रोज किल्ली देण्याचे काम प्रामुख्याने सूर्यप्रकाश करतो. सकाळी उघड्यावर चालणाऱ्या व्यक्तीला व्यायाम आणि प्रकाश दोन्ही एकाच वेळी मिळतात. सकाळी घड्याळ वेळेवर लागले की रात्री झोपही वेळेवर येते.

दुसरे कारण तापमानाचे. रात्री झोप येण्यासाठी शरीराचे आतील तापमान किंचित उतरावे लागते. संध्याकाळी ते दिवसातील सर्वांत वरच्या पातळीवर असते. त्याच सुमारास जोरकस व्यायाम केला तर ते आणखी चढते, हृदयाची गती वाढते आणि हे सारे निवळायला वेळ लागतो. जिच्या शरीराचा तापमानाशी आधीच झगडा चालू आहे, तिला ही वाढ अधिक जाणवणे स्वाभाविक आहे.

वाफा थांबतात का?

व्यायामाकडून भलती अपेक्षाही ठेवू नये. अमेरिकेतील ‘एमएस-फ्लॅश’ या संशोधनप्रकल्पात ३५५ स्त्रियांचे तीन गट करण्यात आले होते. बारा आठवडे एका गटाने दमश्वास वाढविणारा व्यायाम केला, दुसऱ्याने योगासने केली आणि तिसऱ्याने नेहमीचाच दिनक्रम ठेवला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे निष्कर्ष प्रामाणिकपणे सांगायचे तर असे, की व्यायामाने वा योगासनांनी वाफांचे प्रमाण लक्षणीयरीत्या कमी झाले नाही. निद्रानाशाच्या तक्रारी मात्र दोन्ही गटांत काहीशा कमी झाल्या.

याचा अर्थ महत्त्वाचा आहे. वाफ येत राहिली तरी झोप सुधारू शकते. जाग आली तरी पुन्हा झोप लागणे सोपे होते, मन कमी धास्तावते. त्यामुळे महिनाभर चालूनही वाफा थांबल्या नाहीत म्हणून ‘काही उपयोग नाही’ असा निष्कर्ष काढून व्यायाम सोडणे ही चूक ठरेल. या वयात व्यायामाचे इतरही लाभ आहेत. रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाडे झपाट्याने विरळ होतात, हृदयविकार व मधुमेह यांचा धोका वाढतो. या सर्वांवर व्यायाम हा उपकारक आहे, हे निर्विवाद.

घरकाम म्हणजे व्यायाम नव्हे का?

‘दिवसभर घरात राबतेच की, आणखी वेगळा व्यायाम कशाला?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक स्त्री विचारते आणि तो रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार शरीराची कोणतीही हालचाल काहीही न करण्यापेक्षा चांगलीच. फरशी पुसणे, पाण्याच्या बादल्या उचलणे यांत श्रम निश्चितच आहेत. परंतु ओट्याशी तासन्‌तास उभे राहणे, वाकून झाडणे, भाजी निवडत बसणे यांत हृदयाची गती सलग वाढत नाही. पाठ आणि गुडघे मात्र दुखतात. शिवाय ही कामे बहुधा चार भिंतींच्या आत होतात, घाईत होतात आणि पुढचे काम डोळ्यांसमोर ठेवून होतात. थकवा येतो, पण मोकळेपणा येत नाही. थकवा आला म्हणजे झोप आलीच असे नाही, हे निद्रानाश भोगणारी कोणतीही स्त्री सांगू शकेल.

येथे एक भेद मात्र करावयास हवा. शेतात, बांधकामावर किंवा उसाच्या फडात पहाटेपासून राबणाऱ्या स्त्रीला पाऊण तास चालण्याचा उपदेश करणे ही तिची थट्टाच होईल. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर चर्चिला गेला. गर्भाशयाबरोबर बीजांडकोशही काढले गेले, तर तिशी-पस्तिशीतच रजोनिवृत्ती एकाएकी येते आणि तिची लक्षणेही तीव्र असतात. अशा स्त्रियांची गरज आणखी श्रमांची नसून विश्रांतीची, पोषणाची आणि वैद्यकीय सल्ल्याची आहे. येथील व्यायामाचा विचार आहे तो बैठे काम करणाऱ्या, घरकाम आणि नोकरी यांत अडकलेल्या स्त्रियांसाठी.

सकाळ कुणाच्या मालकीची?

सिअ‍ॅटलचा प्रयोग सकाळकडे बोट दाखवतो. आपल्याकडील खरी अडचण नेमकी तेथेच आहे. घरातील स्त्रीच्या वाट्याला सकाळ येतच नाही. नळाचे पाणी, चहा, नाश्ता, मुलांचा आणि पतीचा डबा, देवपूजा, कामावर जायचे असेल तर लोकल वा बसची वेळ... साडेपाच ते नऊ हा काळ तिचा नसून घराचा असतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२४ मध्ये देशभर केलेल्या वेळेच्या वापराच्या पाहणीनुसार, विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे. २०१९ च्या पाहणीत हे आकडे अनुक्रमे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत स्त्रियांची दहा मिनिटे वाचली खरी, पण पुरुषांचीही नऊ मिनिटे वाचली. अंतर जवळजवळ तेवढेच राहिले.

म्हणून ‘सकाळी पाऊण तास चाला’ हा सल्ला एकट्या स्त्रीला देऊन काहीच साधत नाही. तो पाळण्यासाठी तिने साडेपाचऐवजी पावणेपाचला उठायचे ठरविले, तर आधीच अपुऱ्या असलेल्या झोपेतून आणखी पाऊण तास वजा होईल. झोपेसाठी झोप मोडण्याचा हा व्यवहार तोट्याचा आहे. पाऊण तास यायचा असेल तर तो कामाच्या वाटणीतून आला पाहिजे. चहा आणि नाश्ता दुसऱ्या कोणी करावा, डब्याची कणीक व भाजी रात्रीच तयार ठेवताना इतरांनी हात लावावा, मुलांनी आपले दप्तर आणि गणवेश स्वतः पाहावा. ज्या घरात हे होऊ शकते, तेथे व्यायाम टिकतो. जेथे होत नाही, तेथे बहुधा आठवडाभरात बूट कपाटात जातात.

सुरुवात कशी करावी?

पहिल्याच दिवशी ४५ मिनिटांचा हट्ट धरू नये. दहा मिनिटांपासून प्रारंभ करून दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवत नेली, तर दोन महिन्यांत पाऊण तास सहज गाठता येतो. वेग इतका असावा, की चालताना बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम सुचवते. सिअ‍ॅटलची २२५ मिनिटे या मर्यादेच्या बरोबर मध्यावर येतात. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी जागेवरची सायकल किंवा पोहणे निवडावे. स्नायूंच्या बळासाठी खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला हात लावून जोर काढणे, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे, एवढेही सुरुवातीला पुरेसे आहे. संध्याकाळ योगासनांसाठी आणि हलक्या ताणांसाठी राखून ठेवावी.

व्यायामाला काही सवयींची जोड द्यावी. दुपारी चारनंतर चहा-कॉफी टाळावी. दुपारची झोप अर्ध्या तासापेक्षा जास्त नसावी. रात्रीचे जेवण हलके व वेळेवर असावे. सुती कपडे, हवेशीर खोली आणि दोघांसाठी दोन वेगळी पांघरुणे, या साध्या गोष्टींनीही रात्र सुकर होते. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरुणात तळमळत न पडता उठून दुसऱ्या खोलीत शांत बसावे आणि झोप आल्यावरच परतावे. उठण्याची वेळ मात्र रोज एकच ठेवावी. या सवयी आणि झोपेविषयीच्या चिंता यांवर पद्धतशीर काम करणारी वर्तनोपचाराची पद्धत रजोनिवृत्तीच्या काळातील निद्रानाशावर परिणामकारक ठरली आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १०६ स्त्रियांचा सहभाग असलेल्या एका अमेरिकी चाचणीत तर हा उपचार केवळ दूरध्वनीवरून देण्यात आला होता.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

प्रत्येक निद्रानाश रजोनिवृत्तीचाच असतो असे नाही. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडखळणे, दिवसा अनावर झोप येणे ही श्वसनाशी संबंधित विकाराची लक्षणे असू शकतात. रजोनिवृत्तीनंतर या विकाराचे प्रमाण वाढते. रात्री पाय सतत हलवावेसे वाटत असतील, तर रक्तातील लोहाची तपासणी करून घ्यावी. पाळी जाण्याआधीच्या काळात अतिरक्तस्राव झालेल्या स्त्रियांमध्ये लोहाची कमतरता सर्रास आढळते. थायरॉइडचा विकार आणि नैराश्य हेदेखील वाफा व निद्रानाश यांच्या आड लपू शकतात. चालताना छातीत दुखणे, दम लागणे किंवा चक्कर येणे अशी लक्षणे असल्यास तपासणीपूर्वी व्यायाम वाढवू नये. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा थोडासाही रक्तस्राव झाला, तर तो अंगावर न काढता त्वरित डॉक्टरांना दाखवावे.

वाफांचा त्रास असह्य असेल तर त्यावर औषधे आहेत. संप्रेरकांच्या उपचारांविषयी २००२ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीनंतर बरीच भीती निर्माण झाली होती. त्यानंतरच्या संशोधनातून असे स्पष्ट झाले, की वय, पाळी बंद होऊन झालेला काळ आणि आधीचे आजार पाहून हा निर्णय प्रत्येक स्त्रीसाठी स्वतंत्रपणे घ्यावा लागतो. तो स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलूनच घ्यावा. शेजारणीच्या सांगण्यावरून झोपेच्या गोळ्या सुरू करणे मात्र कटाक्षाने टाळावे.

रजोनिवृत्ती हा आजार नाही, हे खरे. पण आजार नाही म्हणून तिच्यामुळे होणारा त्रास खोटा ठरत नाही. रात्री अडीच वाजता जागी असलेल्या स्त्रीला सहानुभूतीपेक्षा सकाळचा पाऊण तास अधिक उपयोगी पडेल. तिने तो हक्काने मागावा. आणि घरच्यांनी तिने मागण्याची वाट न पाहता उद्याचा चहा स्वतः करावा.